भाऊबीज दोनदा परत आल्याबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
मध्यदीप बँक (पूर्वीची वैनकाठ बँक),
बाजार शाखा किंवा स्टेशन मार्ग शाखा, जी असेल ती,
तुमसर, जि. भंडारा.

विषय : माझी धाकटी बहीण श्रीमती विमला वामनराव भुरे हिच्या खात्याचा चालू आयएफएससी कोड कळविण्याबाबत, ते नियमात बसत नसल्यास तिला एक निरोप देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाशी झालेले माझे फोनवरील बोलणे, जे मध्येच कटले.

महोदय,

१. मी खाली सही करणारा, रेल्वेच्या मालधक्क्यावर बुकिंग बाबू होतो व आता निवृत्त होऊन गुढियारी, रायपूर येथे राहतो. दर भाऊबीजेला मी गाडीने तुमसरला जातो. यंदा गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याने डॉक्टरांनी जिना उतरायलाही मनाई केली. म्हणून ओवाळणी बँकेतून पाठवायचे ठरले, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

२. पहिली चूक माझी आहे, ती कबूल करतो. मालधक्क्यावर आयुष्य गेले. तिथे बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडताना आधी माल जिथून चढतो त्या स्टेशनचा कोड टाकायचा, ही हाताला सवय. फॉर्मवर कोडचा एकच रकाना होता. पैसे रायपूरहून चढणार, म्हणून मी माझ्याच शाखेचा कोड टाकला. पैसे चढले आणि रायपूरलाच उतरले. सूनबाई क्षमा नवा रायपूरला सरकारी कार्यालयात आहे. तिला मराठी कळते, पण उत्तर हिंदीतच देते. ती म्हणाली, "बाबूजी, कोड तो सामनेवाले का लगता है." हे फॉर्मवर ठळक लिहिले असते तर बरे झाले असते.

३. मग विमलाच्या पासबुकाची जुनी झेरॉक्स शोधली व त्यावरचा कोड टाकला. तिला फोन करून सांगितले, "बाई, पैसे पाठवून राहिलो, आता येतील." ते पैसेही परत आले. पुन्हा फोन करून सांगितले की परत आले, पुन्हा पाठवतो. त्यानंतर तिने माझा फोन उचलणे बंद केले. भाऊबीजेच्या दिवशी सकाळपासून लावत होतो. लग्न झाल्यापासून तिने भाऊ सोडून चंद्राला कधी ओवाळले नव्हते, यंदा ओवाळले असेल. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

४. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात एकशे एक रुपये जमा झाले. पाठविणारी विमला. माझा एक रद्द केलेला चेक तिच्याकडे कधीचा पडून होता, त्यावरून तिने फॉर्म भरला असावा. त्या नोंदीच्या क्रमांकातली, बँक ओळखायची पहिली चार अक्षरे जुन्या पासबुकावरच्या कोडाशी जुळेनात. क्षमाने मोबाईलवर पाहून सांगितले की तिची बँक आपल्या बँकेत विलीन झाली, जुना कोड मेला, आणि तुमसरात आपल्या आता दोन शाखा आहेत. विमलाचे खाते कोणत्या शाखेत आहे ते मोबाईल सांगत नाही. चुकून दुसऱ्याच कोणाच्या खात्यात ओवाळणी पडली तर मी कोणाच्या दारी जाऊ? आता माझी हिंमत राहिली नाही.

५. आपल्याकडे फोन केला असता, खातेदाराची माहिती खातेदारालाच मिळेल, तिने स्वतः अर्ज करावा, असे सांगण्यात आले. साहेब, ती माझ्याशी बोलत असती तर मी तिलाच विचारले नसते का? हे सांगेपर्यंत फोन कटला. म्हणून हाच अर्ज दोन्ही शाखांना पाठवीत आहे. ज्या शाखेचा संबंध नसेल तिने राग मानू नये.

६. आता त्या एकशे एक रुपयांबद्दल. ते मी काढलेले नाहीत. त्या नोंदीत शेऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत तीन शब्द आहेत : "दादा लाजू नको." मला वाटत होते ती रुसली. तिला वाटले की दादाची तंगी आहे, आणि तो पाठवले-पाठवले म्हणून वेळ मारून नेतो. मला आणखी खोटे बोलावे लागू नये म्हणून ती फोन उचलत नव्हती. हे कळल्यापासून मला फार वाईट वाटून राहिले आहे. विधवा बाई, पेन्शनवर जगते, आणि तिने त्यातून मला पाठवले.

७. तरी विनंती, की कोड देता येत नसेल तर राहू द्यावा. ती पेन्शन काढायला आपल्याच काऊंटरवर येते. त्या वेळी कोणीतरी तिला एवढे सांगावे, की बाई, तुमच्या दादाला कशाची कमी नाही, त्याला फक्त तुमचा कोड माहीत नाही. बँकेतल्या माणसाने सांगितलेले तिला खरे वाटते. माझे आता वाटत नाही.

आपला, थकलेला तरी नम्र,
(सही)
नरहरी झिंगरूजी सार्वे
गुढियारी, रायपूर (छत्तीसगड)
दि. २२ नोव्हेंबर २०२३

सोबत :
१) विमलाच्या जुन्या पासबुकाची झेरॉक्स
२) पैसे परत आल्याचे दोन्ही संदेश, क्षमाने छापून दिलेले
३) एकशे एक रुपयांची नोंद. ही विमलाला दाखवू नये, तिला संकोच होईल.