रिकामी जागा

४ जानेवारी १९४३, सडक अर्जुनी नाका

चूक माझीच. सांगू कुणाला!

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालू लागल्या. त्या कोळशासाठी सरकारी रानात भट्ट्या लावायच्या, झाड नसलेली जागा दाखवा — असा हुकूम होता. मी इथला नाकेदार, सरकारी रानाचा राखणदार; मी नकाशात नाल्याकाठचा खाऱ्या मातीचा पट्टा दाखवला आणि पुढे लिहिले, 'रिकामी'. आज ठेकेदार हिरालालने तिथे आखणी केली. भलताच खूश. "ऐसी साफ जगह! लाकडाच्या ढिगावर लिपायले मातीपण इथलीच."

भट्टी लावणारा बिसराम मात्र फावडे टेकून माझ्याकडे पाहत राहिला. "रिकामी काऊन लिवली जी, नाकेदार? गवे येथं माती चाटाले येतेत."

मला माहीत होते. दर हिवाळ्यात पाहतो. त्या कळपातली मोडक्या शिंगाची गाय तर ओळखीचीच. पण कागदावर झाडे मोजायची असतात, तेवढीच मोजली.

९ जानेवारी

हिरालालला म्हटले, भट्ट्या पलीकडे हलवा. "नाकेदार साब, आपनेही तो लिखा है." परतलो.

१७ जानेवारी

सहा भट्ट्या पेटल्या. गवे नाहीत.

२ फेब्रुवारी

पहिल्या भट्टीचा धूर थांबला. कोळसा आत निवायला ठेवलाय.

३ फेब्रुवारी

सकाळी मोडक्या शिंगाची गाय वासरू घेऊन आली. पट्ट्यातली सगळी माती भट्ट्यांवर लिंपलेली — म्हणून ती भट्टीच चाटू लागली. धूर नाही, तिला काय कळणार? चाटता चाटता वर चढली. लिंपण खचले, पुढचे दोन्ही पाय निखाऱ्यात. ते ओरडणे! कशीबशी निघाली आणि नाल्याच्या पाण्यात जाऊन उभी राहिली.

बिसराम खालीच बसला. "मीच लिपलो होतो जी." मी म्हटले, लिहिले मी होते.

६ फेब्रुवारी

गाय पाण्यातच मेली. वासरू दुपारपर्यंत काठावर होते. मग दिसले नाही.

२० मार्च

वरून शेरा आला: जागा उत्तम. पुढल्या सालासाठी अशाच आणखी सात रिकाम्या जागा दाखवा.

खाऱ्या मातीच्या अशा सात जागा मला पाठ आहेत. सातही जागांवर लिहिले — 'दलदल'. दलदलीत भट्टी लागत नाही. नोकरी गेली तर गेली. दीड महिन्यात पहिल्यांदा जेवण गोड लागले.

२८ मार्च

बिसरामला घेऊन सातही जागा फिरून आलो. वाटेत सगळीकडे भट्ट्यांच्या लाकडासाठी कुऱ्हाडींचे आवाज. एकाही जागी गव्याच्या खुराचा ताजा ठसा नाही. सातही रिकाम्या.