नदीकाठचं घर आणि सत्यमचं गिऱ्हाईक

३ नोव्हेंबर

बेजार केलंय ह्या सत्यमनं! सकाळी भाकरी थापायले तर मागं येऊन उभा — "ताई, तुझं गेममधलं घर विकू. गिऱ्हाईक आहे." विकू म्हणे! घर माझं, अन् विकू!

वर्षभर थांबले तेव्हा कुठं चिठ्ठी निघाली माझी. हजारो लोक खेळतात तो गेम, अन् नदीकाठच्या गल्लीत घरं मोजकीच, म्हणून चिठ्ठ्या टाकून देतात. खेळायला शिकवलं सत्यमनंच. पण त्याची चिठ्ठी निघाली नाही, बहिणीची निघाली. तेव्हापासून त्याच्या पोटात दुखतंय. "तुझ्या काय कामाचं ते?" म्हणतो. ऑफिसातून आल्यावर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी तिथं जाऊन बसते. हे काम नाही का? त्याची नोकरी इथं संभाजीनगरात, राहायला माझ्याकडं, डबा माझ्या हातचा, आता घर पण पाहिजे.

४ नोव्हेंबर

आईचा फोन. माहेरी पाचोडपर्यंत बातमी पोचली! "तनुजा, भावाला नाय म्हणू नये बाई." तिला गेम म्हणजे काय माहीत नाही, घर कुठंय माहीत नाही. पण भावाला द्यायचं, एवढं बरोबर माहीत.

फोन ठेवता ठेवता म्हणली — तुझे नाना म्हणतेत, सतरा तारखेला पैठणच्या रजिस्ट्री ऑफिसात ये, हक्कसोडीची सही करायची. मोसंबीच्या बागेतला माझा वाटा सत्यमच्या नावावर. "तुला काय कामाची ती जमीन?" बरं म्हणलं. भाजी करपायली होती.

७ नोव्हेंबर

कटकट नको म्हणून शेवटी हो म्हणलं. घे बाबा, घेऊन टाक ते घर! तर ते होईचना. दुसऱ्याच्या नावावर करायची सोयच नाही त्यात. आपण सोडलं की घर परत गेमच्या कंपनीकडं, अन् पुन्हा सगळ्यांच्या चिठ्ठ्या. सत्यम माझ्यावरच खेकसला — "तू मुद्दाम करायलीस!" मी? मी काय कंपनी काढलीय का?

राजेंद्रला सांगितलं. नवरा आहे, काहीतरी बोलेल म्हणलं. "तुमचं बहीण-भावाचं तुम्ही बघा." टीव्हीचा आवाज वाढवला.

९ नोव्हेंबर

नावावर होत नाही हे कळूनही गिऱ्हाईक घरी आलं! लासूर स्टेशनचा सांडू, कापसाचा व्यापार आहे, सत्यमचा दोस्त. घर बघायला आला म्हणे! दोन प्लेटा पोहे हाणले, लॅपटॉप पुढं ओढला अन् पहिला सवाल — "दार कोणत्या दिशेला?"

दक्षिणेला. तोंड असं केलं जसं काय मीच फसवलं. "फिरवून मिळंल का?" मग अंगणातली माझी झाडं बघितली. "ही काढून टाकू. लई जागा खातेत." सगळं सत्यमला विचारायलाय. मला काय विचारलं? चहा अजून आहे का!

त्या घराच्या भिंतींचे रंग मी तीनदा बदललेत. झाडं एकेक करून जमवलीत. मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते, अन् हा माझी झाडं काढायलाय.

१० नोव्हेंबर

सत्यमची नवी अक्कल — "पासवर्डच देऊन टाक. सांडू तुझ्या नावानं राहील." म्हणजे आता नाव पण द्यायचं! कंपनीलाच लिहून विचारलं. एकदाचा निकाल लागू दे.

१२ नोव्हेंबर

उत्तर आलं. घर विकता येत नाही. देता येत नाही. पासवर्डही देता येत नाही. पैसे घेऊन दिलेलं कळलं तर घर पाडून टाकणार. मी मुद्दाम विचारलं होतं — सख्ख्या भावाला पण नाही? त्यांनी लिहिलंय, कोणालाही नाही.

वाटलं, आता सत्यम घर डोक्यावर घेणार. वाचून दाखवलं तर म्हणतो, "नियमातच बसत नाही म्हणल्यावर काय करणार." अन् जेवायला बसला! सांडूला स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं. आई पण लगेच फोनवर — "व्हय, नियमातच बसत नाय तर तू तरी काय करशील."

अशी तिडीक गेली ना डोक्यात! मी नाही म्हणलं की हट्टी, आपमतलबी, भावावर माया नाही. अन् कुठली कोण कंपनी, कधी तोंड बघितलं नाही तिचं — ती एकदा नाही म्हणली तर सगळे गप! माझं नाही काय कमी वजनाचं आहे?

घर वाचलं ते बरं झालं. पण आनंद काही होईना.

१५ नोव्हेंबर

नानांचा फोन. आधार कार्ड अन् दोन फोटो आण. येतेस का, पटतं का — काही नाही. हो म्हणलं. माझ्या तोंडाला ही सवयच लागलीय.

बागेतली विहिरीकडची रांग मी लावलेली आहे. शाळेतून आले की दप्तर टाकून आधी तिला पाणी घालायचे. नानांना आठवत पण नसेल.

१६ नोव्हेंबर

झोप नाही. सांडूचं ते "काढून टाकू" कानातून जाईना.

१७ नोव्हेंबर

पैठणला गेले. नानांनी पेन पुढं केला. म्हणलं, देता येत नाही.

नाना म्हणले, "सख्ख्या भावाला पण नाय?"

म्हणलं, कोणालाही नाही.