याडीची आठ काकरं

८ जून
पहाटे साडेपाचला स्कूटी काढली. नवरोबा अंथरुणातूनच, "लगनसराई संपली ना? आता कोनाचं लगन लागून राह्यलं?" स्टुडिओ दोघांचा, व्हिडिओ त्याचे, फोटो माझे. सकाळ मात्र माझी एकटीची.

घाटंजीपुढची बंजारा तांड्यालगतची टेकडी. खाली शेवंताबाईचं उताराचं वावर. तांडाभर तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही म्हणते. दोन वर्षं या वावराच्या मागे लागलेय, एकदाही जमलं नाही. कधी आभाळच जास्त येतं, कधी मधोमध एखादं झाड येऊन बसतं, पासपोर्ट फोटोला बसल्यासारखं. वीस वर्षं माणसं मधोमध बसवली, दुसरं काय होणार. एक तरी फोटो असा हवा, की बघणाऱ्याला हे वावर किती देखणं आहे ते सांगावं लागू नये. जमला तर दुकानाच्या काचेतली ती जुनी नवरी काढून तिथे लावीन.

११ जून
याडीकडे आज फुली मारली. आधी वावरभर उभी काकरं, म्हणजे मातीत रेघा, ओढायची, मग आडवी, आणि जिथे छेद पडेल तिथे सरकी, कपाशीचं बी, टोबायची. मुलगा देवा बैलं हाकतो. याडी समोरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठी रोवून उभी. तिचा हात डावीकडे हलला की देवा डावीकडे. दर आठ काकरांनी पुन्हा नेम. तांड्यात कोणाच्याही वावरात पहिलं काकर तिच्या नेमाशिवाय पडत नाही.

म्हटलं, याडी, दोरी काहून नाही लावत?
"दोरीले झोल येते. डोयाले येत नाही."

आणि हे सगळं हौसेसाठी नाही. रांगा नेमक्या असल्या तरच तण काढायचा डवरा उभाआडवा दोन्हीकडून चालतो, नाहीतर रोपं कापली जातात. साठी उलटलेली बाई, पाठ अशी ताठ! तिच्यापुढे माझा तिपाई स्टँड लुळा वाटतो. फोटो काढायचे विसरले, पाहतच राहिले.

२३ जून
मिळाला! मिळाला!

रोपं दोन-दोन पानांवर. रात्री पाऊस, सकाळी आभाळ धुतलेलं, ऊन तिरपं. काळ्या मातीवर हिरवे ठिपके, कुठूनही पाहा, रांगच. सरळ पाहिलं तर रांग, तिरपं पाहिलं तरी रांग. आभाळ नावापुरतं ठेवलं, चार बोटं. बाकी सगळी जमीन. आणि खालच्या अंगाला, नाला वळतो तिथे, शेवटच्या आठ रांगाही हळूच वळतात. नाल्याच्या वळणाशी जमवून घेतलंय तिने. इतक्या सरळ कामात तेवढंच एक वळण, किती नेमक्या जागी. त्याच्याशिवाय हा फोटो नुसता चौकटीचा कागद झाला असता. टेकडीवर एकटीच हसत होते वेड्यासारखी.

२५ जून
मोठी प्रिंट आली. नवरोबा बराच वेळ पाहत उभा. "हे आपल्याकडचं हाय?" त्याच्याकडून एवढं म्हणजे फार. मग म्हणाला, "खाली वाकडं गेलं पन." म्हटलं, तुले काय समजते, तेच तर सुंदर आहे.

२६ जून
प्रिंट घेऊन तांड्यावर. देवा घरी नव्हता. याडीने हात पुसले, फोटो दारात उजेडात धरला, मग डोळ्यांजवळ नेला. मी बोलतच होते. हा दुकानाच्या काचेत लावणार. हे वळण तू किती छान घेतलंस, नाल्यासोबत, सगळ्या फोटोचा जीव तिथे आहे, वगैरे वगैरे. माझ्या जिभेला हाड नाही.

याडी खाली बसली. "कोनी कोनी पाह्यलं हे?"

मग कळलं. तिने काही वळवलेलं नव्हतं. तिच्या मते ती आठ काकरं सरळच होती. "नेम धराचा तो टोकाचा निंब मले दोन-दोन दिसते. ऊन चढलं का जास्तच." देवा म्हणतो नव्या बैलाने ओढलं. "म्या बी म्हनू देलं. बिचाऱ्या बैलाले बोल लागला."

डोळे दाखवायला चल म्हटलं. जाऊ म्हणाली, पेरणी उरकू दे. कोणाला सांगू नको म्हणाली. मी ज्याला कला कला म्हणत होते, ती त्या बाईची नजर जाणं होतं. परत येताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ जून
याडीचा फोन. "लगनात कायी पोरगी गोरी करतं नं तू? मंग माह्ये आठ काकरं सरळ कर, अन् लाव काचेत."

बाजाराच्या दिवशी सगळा तांडा दुकानापुढून जातो, खरं आहे.

३० जून
दोन दिवस कॉम्प्युटरवर. रोपं एकेक उचलून ओळीत बसवली. झालं सरळ. चूक काढायला जागा नाही. नजर वरून खाली सरकते आणि निघून जाते, थांबत नाही कुठे. जुन्याकडे पाहिलं की अजूनही जीव खालच्या कोपऱ्यात अडकतो. ते कशामुळे झालं हे माहीत असूनही सुंदरच दिसतं. याची लाज वाटते, पण दिसतं.

४ जुलै
बाजार. याडी दुकानात आली, दोन्ही प्रिंट काउंटरवर ठेवल्या. आधी सरळवाली पाहिली. "हे चांगलं झालं. पन माह्या हातचं नाही." मग दुसरी. त्या आठ रांगांवरून बोट फिरवलं, पहिलीपासून शेवटपर्यंत. मला वाटलं फाडते की काय. दोन्ही उलट्या करून ठेवल्या.

"कोनता लावाचा ते तू पाह्य. माह्यं दुसरंच काम हाय."

परवा खालच्या वावरात फुली. चुलत दिराचं वावर, त्यांनी नेहमीसारखं तिलाच बोलावलंय. काठी तीच धरणार, हातही तीच हलवणार. मी नुसतं मागे उभं राहायचं, फोटो काढते म्हणून, आणि काकर फिरलं की हळूच सांगायचं, डावं का उजवं. "तुह्या डोयावर माहा इस्वास हाय," म्हणाली.

मी हो म्हटलं. ती पिशवी उचलून बाजारात गेलीसुद्धा. कॅमेऱ्याच्या चौकटीशिवाय मी आजवर एकही रेघ सरळ आहे की वाकडी ते पाहिलेलं नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.