आईच्या जागी वाळू

४ फेब्रुवारी

मागचा बंपर हवा. लोखंडी, ट्रेलर ओढायच्या हिचसकट.

बाबांची होडी झाली! आज शेडबाहेर काढली, ट्रेलरवर चढवली, आणि मग दोघांनाही उमगलं — माझ्या जीपला ट्रेलर अडकवायची सोयच नाही. निवृत्त झाल्यापासून बाबा त्या शेडमध्ये. फळ्या, खिळे, रंग, सगळ्याचा विचार केला. तलावापर्यंत न्यायची कशी, तेवढं राहिलं. पोट धरून हसलो.

आई हसली नाही. "होडी तुमची, तलाव तुमचा. मला मध्ये घेऊ नका."

तिचं माहेर पाण्याकाठी. तिथे वल्ही तिच्याच हातात असायची. आता म्हणते, या वयात शोभत नाही. बाबांनी रंगाचा डबा उघडला, पुन्हा बंद केला.

७ फेब्रुवारी

दुकानात. बाबांना सगळ्यांत जाड बंपर आवडला — दोन्ही अंगांना डिझेलचे कॅन अडकवायची सोय, वर स्टेपनीचा दांडा. "रणगाडा ओढेल!"

आपल्याला रणगाडा ओढायचा नाही, बाबा.

मला बारीक नळ्यांचा आवडला. देखणा. फिटरने दोन्ही निकालात काढले. जाडा फार खाली लोंबतो, तलावाच्या उतारावर जमीन खरवडणार. बारीक तर गाडीच्या चासीला पक्का धरतच नाही. "याला होडी बांधा, बंपर होडीबरोबर जाईल, तुम्ही इथंच!"

८ फेब्रुवारी

ठरत नाही.

९ फेब्रुवारी

बाबा होडीत बसून बघत होते. वल्हवायच्या फळीवर त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात. फळी चुकून फार खाली बसवली का, विचारलं.

"चालतंय."

१२ फेब्रुवारी

ठरला! साधा, जाड पत्र्याचा, दोन्ही टोकं वर वळलेली, हिच मधोमध, चासीला बोल्टने पक्का. उतारावर घासणार नाही. बाबा जरा हिरमुसले — मग कॅन कुठे अडकवायचे?

आपल्याकडे कॅन नाहीत, बाबा.

१५ फेब्रुवारी

हिचची उंची ठरायची आहे. माणसं बसली की गाडी मागून दबते. म्हणून फिटरचा नियम — जाणारे सगळे गाडीत, मगच माप.

आई म्हणाली, "मी जाणारच नाही, तर बसू कशाला?"

बाबांनी तोड काढली. मागच्या सीटवर, आईच्या जागी, वाळूची पोती!

पण जी येणार नाही तिची वाळू कशाला? विचारलं. बाबांना अचानक कमी ऐकू यायला लागलं.

१६ फेब्रुवारी

निघताना आईने पोती पाहिली.

"ही मी?"

"अंदाजे," बाबा.

"दोन पोती?"

"एक अर्धंच आहे, अगं."

"कुठलं अर्धं? शिगोशीग भरलंय!"

पायात चपला सरकवल्या आणि थेट पुढच्या सीटवर. वर्कशॉपमध्ये उतरल्या उतरल्या फिटरला फर्मान — "भाऊ, ही वाळू आधी काढा. मी बसते. खरं माप घ्या."

आम्ही दोघं पुढे, ती मागे बसली. पर्स मांडीवर, मान ताठ. गाडी दबली — फिटर म्हणाला, वाळू होती तेव्हापेक्षा कमी!

"बघा! बघितलंत ना, अहो?"

फिटरने खडूने खूण केली. मग बाबा उतरले आणि गाडीमागे वाकून काहीतरी शोधत राहिले. खांदे हलत होते.

वाळू मुद्दाम जास्त भरली होती? विचारणार नाही.

१७ फेब्रुवारी

बंपर लागला. काळा, रुंद, गंभीर. ट्रेलर अडकवून पाहिला, अगदी पातळीत.

बाबा आईला म्हणाले, "आता तू नाही आलीस तर गाडी मागून वर राहणार. माप तुझं घेतलंय."

"वा! म्हणजे वाळूच्या जागी मी!"

संध्याकाळी कपाटात उन्हाची टोपी शोधत होती. मी आल्यावर दार लावून घेतलं.

१८ फेब्रुवारी

टोपी सापडली.

२१ फेब्रुवारी

बंपर कुठेही घासला नाही. होडी पाण्यात. बाबा काठावरच थांबले — त्यांना पोहता येत नाही. आई त्या खालच्या फळीवर बसली, वल्ही घेतली. पाय बरोबर टेकले.