माझी वाकळ मलाच शिवायला

माय, आज तुझ्याशी भांडायचं नाही असं ठरवून बसले आहे, पण सुरुवात किळसेनेच होणार, त्याला माझा इलाज नाही. डिसेंबर लागला त्या आठवड्यात आपल्या पाळकबाई, चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायको, माझ्या दारात उभ्या राहिल्या. तू ओळखायचीस त्या नव्हेत. या नव्या आहेत, वयाने माझ्या लेकीएवढ्या, स्वभावाने गोड, आणि गोड माणसाला नाही म्हणता येत नाही हीच त्यांची ताकद. त्यांच्यामागून ऑटोवाल्याने सिमेंटची रिकामी पोती कपड्यांनी ठासून भरलेली आणली आणि ओसरीवर टाकली. पोत्याचं तोंड सुटलं आणि असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. उंदराच्या मुताचा, जुन्या खोबरेल तेलाचा, डांबरगोळ्यांचा, आणि या सगळ्यांच्या खाली शिळ्या घामाचा. बाई हसत सांगत होत्या की मंडळीने नाताळची वाकळ पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे, घराघराने कपडा दिला आहे, आणि शिवणार कोण, तर अर्थातच काकू. मला न विचारताच माझं नाव ठरलं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

तू गेलीस आणि वाकळ बंद पडली. तुझ्या वेळेस कसं होतं ते तुलाच काय सांगायचं, पण सांगितल्याशिवाय माझा राग तुला कळणार नाही. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला नाताळच्या उपासनेनंतर मंडळीने वाकळ पांघरायची. प्रत्येक घराने अंगावर वापरलेला एक कपडा द्यायचा. बायांनी आपल्या घरी जमून ती शिवायची, कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या ओळी आत आत नेत, आणि अगदी मधला चौकोन गेलेल्या माणसाच्या कपड्याचा. दुःखाच्या घरच्यांनी सुईला हात लावायचा नाही. त्यांनी फक्त तो एक कपडा द्यायचा आणि घरी बसायचं. तू गेल्यावर मंडळीने सोपा रस्ता काढला. बाजारातून फुलाफुलांचं ब्लँकेट आणायचं, चेनच्या पिशवीतलं, आणि पिशवीसकट हातात द्यायचं. त्यालाही लोक टाळ्या वाजवायचे.

आता पाळकबाईंनी मोबाइलवर कुठली तरी परदेशी बाई पाहिली होती. मलाही दाखवली. लाल, हिरवी, पांढरी, दोन खाटांवर पसरेल एवढी मोठी नाताळची गोधडी, आणि सगळे तुकडे वेडेवाकडे, चिंध्या जोडल्यासारखे. मी विचारलं, हे कपडे कोणी वापरलेले? बाई म्हणाल्या, कोणीच नाही, नवीनच कापड आणून त्याचे मुद्दाम तसे तुकडे करतात. ऐकलंस ना, माय. नवं कापड फाडून चिंध्या करायच्या आणि त्याला हौस म्हणायचं. आपल्याकडे चिंधी व्हायला कपड्याला जन्म घालवावा लागतो.

मग मी साधंच विचारलं, औंदा वाकळ कोणाच्या घरी जाणार. बाईंनी सवयीने सांगितलं, "ज्या घरी दुःख झालं त्याच घरी, काकू. तुमची जुनी रीत हाय ना." एवढं बोलून त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे तुझ्या जावयाचा फोटो आहे, पोळ्याच्या सुमारास लावलेला. या वर्षी मंडळीत दुसरं कोणी गेलेलं नाही. माझी वाकळ त्यांनी मलाच शिवायला आणली होती, आणि हे एकाही घराच्या लक्षात आलं नव्हतं. पोरीचा चेहरा उतरला. मला वाटलं आता पोती उचलतील, कोणाला तरी मशीनवर शिवायला देतील, निदान माफी मागतील. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग तं लयच बरं झालं काकू. तुमाले पायजे तशीच होईन."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. कदाचित दुसऱ्या कोणी ती पॉलिस्टरच्या दोऱ्याने मशीनवर मारली असती, तेही मला बघवलं नसतं.

पोती उपसली ती ओसरीवर, उन्हात, तोंडाला फडकं बांधून. आपली मंडळी काय काय देते बघ. फरशी पुसायचा कपडा, अजून ओला. एकाच पायाचा मोजा. इलॅस्टिक लोंबणारी चड्डी, हो, चड्डी, देवाच्या नावाने दिलेली. निवडणुकीतला बनियन, त्यावर हात जोडलेल्या माणसाचा चेहरा. उशीची खोळ, मधोमध डोक्याच्या तेलाचा काळा डाग. एका ब्लाउजला गंजलेली सेफ्टी पिन तशीच होती, ती माझ्या अंगठ्यात घुसली. आणि एका घराने त्या परदेशी बाईची बरोबरी म्हणून लाल सॅटिन दिलेलं, सोनेरी चांदण्यांचं, दुकानाच्या चिकटपट्टीसकट. हीच माणसं तुझ्या जावयाच्या मातीला आली होती. माझ्या हातात हात घालून रडली होती, पोहे खाऊन गेली होती, जाताना "चांगलं मरण आलं, कोनाले तरास नाही" असं एकमेकांना सांगत गेली होती. त्या रडण्याची किंमत मला पोत्यातून दिसली. आपल्या घरातला जो कपडा बोहारीणसुद्धा घेणार नाही, तो दुःखाच्या घरी.

एकच गाठोडं वेगळं होतं. आसेगावची तुझी मैत्रीण, आता पार कमरेतून वाकली आहे, तिने नातवाच्या हाती जीपने पाठवलेलं. जुनं हिरवं लुगडं, धुतलेलं, घडी केलेलं, काठ उसवून वेगळा ठेवलेला, कारण काठाला सुई जड जाते हे तिला ठाऊक. त्या घडीला साबणाचा वास येत होता. मी ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. वाकळीचं अस्तर त्याचंच केलं.

बाकी सगळं उकळलं. तुझ्यासारखंच. मागच्या अंगणात तीन दगड मांडले, मोठं पातेलं चढवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि काठीने ढवळत राहिले. पाणी चहासारखं झालं, मग काळं झालं. ओतलं, पुन्हा उकळलं. लेकीचा पुण्याहून फोन आला, म्हणाली, "आई, वॉशिंग मशीन काय कामाचं मग?" मी म्हटलं, मशीन मळ काढते, माणसं नाही काढत. तिला वाटलं आईचं डोकं फिरलं.

पण हा विचार माझा नव्हता, तुझा होता. तुला आठवतं का माहीत नाही. आपल्या स्वयंपाकघरात चुलीवर पातेलं उकळतं आहे, बाया ओसरीवर शिवत आहेत, मी तिसरी-चौथीत असेन. माझ्या मैत्रिणीच्या घरून जांभळ्या फुलांचा परकर आलेला, आणि मला तो कधी एकदा वाकळीत दिसतो असं झालेलं. मी गाठोड्यातून तुकडा काढून न धुता तसाच शिवून टाकते. तू येतेस, वाकतेस, हात लावायच्या आधीच तुझं नाक ताठ होतं. तू ती आख्खी ओळ टराटरा उसवतेस, माझ्या एकटीचीच नव्हे, शेजारच्या बाईचीही. सगळ्या बाया थांबतात. तू मला परकराचा तुकडा हुंगायला लावतेस. मग म्हणतेस, "दुसऱ्याचा घाम दुःखाच्या माणसाच्या उरावर नोको ठेवू. त्याले त्याचंच लय झालं हाय." त्या दिवशी मला मार बसला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून माझं नाक तुझ्यासारखंच झालं, आणि त्याचा त्रास आयुष्यभर एकाच माणसाला झाला.

तुझा जावई जीप चालवायचा हे तू पाहिलंस. शेलूबाजार ते मंगरूळपीर, दिवसभर तीच खेप. तू गेल्यावर त्यांना खर्र्याचं व्यसन लागलं ते तू पाहिलं नाहीस, सुटलीस. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत टाकून तळहातावर घासघास घासायचं आणि गालात धरायचं. शर्टाच्या खिशाला कायम तपकिरी डाग. दारातून आत आले की आधी वास यायचा, मग माणूस. मी म्हणायचे, तो खर्रा घरात आणला तर शर्टासकट चुलीत घालीन. शर्ट दारातच काढायला लावायचे, चिमटीत धरून न्हाणीत टाकायचे. ते खाटेवर बनियनवर बसून हसायचे आणि म्हणायचे, "तुया मायनं तुले आंदनात निसतं नाकच देलं, दुसरं काई नाही." मला चीड यायची. हसण्यातूनही तोच वास यायचा.

त्या दिवशी ते जीप स्टँडवर बाकावर बसले, आणि बसलेच. सोबतच्या ड्रायव्हरांनी घरी आणलं. अंगावरचा शर्ट कोणीतरी काढून पन्नीत गुंडाळून माझ्या हातात दिला, आकाशी रंगाचा, बाजारातल्या जैन शेठजींच्या दुकानातून मीच निवडून आणलेला. मी पन्नीला गाठ मारून पत्र्याच्या पेटीत टाकली. बाकीचे शर्ट लेकीने वाटून टाकले. हा एकच उरला.

वाकळ कडेकडून आत येत गेली. चिंध्या खऱ्या, म्हणून वेडीवाकडी झाली. पॉलिस्टरमध्ये सुई कुरकुरते, सुती कापडात शांत जाते, दोन्ही शेजारी आले की ओळ ओढली जाते. बनियनवरचा चेहरा मी उलटा करून आत घातला. लाल सॅटिन उकळत्या पाण्यात पडताच चांदण्या सुटल्या आणि पातेल्याभर तरंगल्या, ते बघून मात्र मला फार बरं वाटलं. पाळकबाई मधून मधून डोकवायच्या, फोटो काढायच्या, म्हणायच्या, लाल-हिरवं अजून पायजे होतं. सुई मात्र एकदाही हातात घेतली नाही. शेवटी फक्त मधला चौकोन राहिला. बाई म्हणाल्या, काकांचा एखादा चांगला इस्त्रीचा शर्ट असेल तर घाला, फोटोत छान दिसेल. मी म्हटलं, बघते.

सकाळी पातेलं चढवलं. सोडा टाकला. पेटी उघडली, पन्नीची गाठ दातांनी सोडवली. माय, तो वास. खर्रा, डिझेल, आणि काखेतला घाम, पावसाळ्यापासून कोंडलेला. खिशात अर्धा घासलेला खर्रा तसाच, रबर लावलेला. मला ओकारी आली, खोटं नाही सांगत, मी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकले. परत आले. पाणी उकळत होतं. शर्ट हातात होता. मी बराच वेळ उभी राहिले, मग पातेल्याखालची लाकडं ओढून घेतली.

नाताळची उपासना झाली. वाकळ दोन खुर्च्यांवर पसरून ठेवली होती, सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले. आपापला तुकडा शोधून बोट ठेवत होते, हा आमचा, हा आमचा. चड्डीच्या मालकांनाही आपला तुकडा सापडला, अभिमानाने दाखवत होते. मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि बायांनी ती माझ्या खांद्यांवर टाकली. म्हणजे मी शिवलेली मलाच. टाळ्या झाल्या. पाळकबाई वाकळ नीट करायला माझ्या छातीशी वाकल्या आणि त्यांचं गोड तोंड वाकडं झालं. हळूच म्हणाल्या, "काकू, मधातून कशाचा तरी वास येऊन राह्यला. घरी गेल्यावर एकदा धुऊन घ्याजा." मी म्हटलं, "येऊ दे."

आता नाताळच्या दुसऱ्या दिवसाची दुपार आहे. वाकळ खाटेवर आहे आणि मी तिच्यावर बसून हे लिहिते आहे. तुला पाठवायचं कुठे. वाकळीतच शिवून टाकावं असं मनात आलं होतं, पण कागद कुरकुरतो, झोपू देणार नाही. पेटीत टाकीन, रिकाम्या पन्नीशेजारी.

सगळ्या गावाचा घाम मी उकळून काढला, माय, तुझ्या रीतीने, दोन-दोन पाण्यांनी. यांचा नाही काढला. दुसऱ्याचा घाम म्हणायचीस तू. हा दुसऱ्याचा नाही. काल मी ती तोंडावर ओढून घेतली आणि नाक न दाबता झोपले.