रडण्याचा गृहपाठ

तीर्थस्वरूप जनीबाय हिच्या पायांशी धाकट्या भावाचा, हरिचंद्रचा, उल्हासनगर कॅम्प पाचमधून, चपला दाराबाहेर काढून दंडवत. तुझा गुडघा कसा आहे, दारातल्या शेवग्याला यंदा शेंगा धरल्या का, आणि बदलापूरच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या तू घेतेस की नेहमीसारख्या देव्हाऱ्यात ठेवतेस, ते कळव. (तू कळवणार नाहीस हे ठाऊक आहे. तीन वर्षांत एक शब्द कळवला नाहीस. पण विचारणं माझं काम आहे.) इकडे गंगू बरी आहे, जिज्ञासाची नोकरी चालू आहे, समर्थ आणि सूनबाई पुण्यात सुखात आहेत, आणि मी कंपनीतून निवृत्त होऊन घरात सगळ्यांच्या पायांत येत असतो. पत्र मुद्दाम तुझ्या सुनेच्या नावाने पाठवलं आहे. राजेशला वाचायला दिलं तर तो मधला मजकूर गाळून थेट शेवट वाचतो. सोनिया, तू मात्र सासूबाईंना सगळं वाचून दाखव. घाई करू नकोस.

तर बाय, गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी आपली निम्मी भावकी माझ्या घरात बसून तुझ्या नावाने गळा काढत होती. तुझ्या कानावर काहीबाही आलंच असेल. ते सगळं कसं घडलं हे माझ्याकडूनच तुला कळावं, म्हणून हा प्रपंच. दोष संपूर्ण माझा आहे, सुमित्राबाईंचा त्यात काडीचाही नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

सुमित्राबाई म्हणजे सुमित्रा ठोसर, नाटकातल्या. आपण अंबरनाथला शेजारच्यांच्या टीव्हीवर त्यांचं नाटक बघायला गेलो होतो आणि घरी तव्यावर तुझी भाकरी जळून कोळसा झाली होती, त्याच. त्या आता मोबाइलवर अभिनय शिकवतात. एकवीस धडे आहेत. मी दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना सूचना करतो म्हणून जिज्ञासाने माझं नाव तिथे घातलं. मी आधी कुरकुर केली. साठीला आलेल्या, एकतीस वर्षं बॉयलरसमोर काढलेल्या माणसाने काय अभिनय शिकायचा? पण पहिला धडा बघितला आणि माझं तोंड बंद झालं. साधी सुती साडी, एक खुर्ची, एक पाण्याचा पेला. बाई म्हणाल्या, मी हे पाणी तीनदा पिणार आहे. पहिल्यांदा तहान लागलेल्या माणसासारख्या प्यायल्या. दुसऱ्यांदा परक्या घरी पहिल्यांदा आलेल्या सुनेसारख्या प्यायल्या, तर गंगू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली की हे अगदी असंच असतं. तिसऱ्यांदा वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसासारख्या प्यायल्या. बाय, पाणी त्या पीत होत्या आणि कोरड माझ्या घशाला पडली. इतकी वर्षं मी पाणी फुकट प्यायलो असं मला वाटलं.

तेव्हापासून बाई पडद्यावर आल्या की मी उठून उभा राहतो. जिज्ञासा समजावते की हे चार वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे, त्यांना तुम्ही दिसत नाही. मी म्हणतो, त्यांना दिसत नसेन, पण मला त्या दिसतात ना. बाई कॅमेऱ्यात बघून विचारतात, काय, केलात का सराव? आणि झालेला नसेल तर माझी मान आपोआप खाली जाते. पहिला सराव चार मिनिटं खुर्चीत काहीही न करता बसण्याचा होता. त्यात मी कंपनीतल्या अनुभवावर सहज पास झालो. (गंगूच्या मते मी अजून तोच सराव करतो आहे.) दुसरा होता एका माणसाचं सात दिवस निरीक्षण करायचा. मी आमच्या इमारतीखालचा पापडवाला टेकचंद निवडला. समोरच्या कट्ट्यावर बसून तो पापड कसे मोजतो, गिऱ्हाईक गेल्यावर चेहरा कसा बदलतो, ते वहीत टिपून घ्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्याने फुटपाथवरचं टेबल आत घेतलं, चौथ्या दिवशी मला थंडगार सरबत पाठवलं आणि पाचव्या दिवशी हात जोडून विचारलं, "साईं, नगरपालिका में कब से लग गए?" मी त्याला समजावलं की मी अभिनय शिकतो आहे. त्याला ते पटलं नाही, पण सरबत येत राहिलं.

आता मंगळवारकडे येतो. बारावा धडा रडण्याचा. बाई म्हणाल्या, डोळ्यांत ग्लिसरीन घालू नका, चेहरा वाकडा करू नका. जे आठवलं की आत दुखतं, ते आठवा, त्या माणसाला हाक मारा, आणि बारा मिनिटं कॅमेरा बंद करू नका. मधे काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही. त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं की इमारतीला आग लागली असती तरी मी भूमिका सोडली नसती. गंगू बाजाराला गेली होती, जिज्ञासा ऑफिसात. मी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, भिंतीशी बसलो आणि मला जे दुखतं ते आठवलं. (ते काय, ते पुढे येईल. सोनिया, इथे जरा थांब. बाई याला विराम म्हणतात. श्रोत्याला वाट बघायला लावायची.) आणि तुला सांगतो, तीन मिनिटांत मला असं रडू फुटलं की माझं मलाच कौतुक वाटलं. "बाय, अगो बाय" असं म्हणून मी रडत होतो.

आपल्या लोकांत रडण्याचा आवाज आला की काय होतं, हे तुला सांगायला नको. तुझ्याइतकं ते कोणाला माहीत? आलेल्या बाईने आधी बसायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि सूर लावायचा. कोण गेलं हे विचारायचं नाही, कारण विचारलं तर भावकीत असून हिला माहीत नाही असा बोभाटा होतो. दार उघडं होतं. समोरच्या दोघी आल्या, बसल्या, रडायला लागल्या. माझी पाच मिनिटं झाली होती, सात राहिली होती. त्यांच्यापैकी एकीने रडता रडताच गावी फोन लावला. बारा मिनिटं पूर्ण करून मी डोळे पुसले, तेव्हा खोलीत नऊ बायका होत्या आणि अंबरनाथहून टेम्पो निघाला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं हे मला कळतं. पण बाय, नऊ बायका जीव तोडून रडताहेत, त्यांना मधेच हात करून, कोणी गेलेलं नाही, मी गृहपाठ करत होतो, असं सांगायचं कसं? मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांना वाटलं की मला पुन्हा हुंदका आला आणि त्यांनी आवाज वाढवला. तेवढ्यात टेम्पो आला आणि आवडीकाकी उतरल्या. ऐंशी वर्षांचं वय, पण जिना चढतानाच त्यांनी असा सूर धरला की सगळी इमारत गप्प झाली. त्यांच्यामागून गंगू भाजीची पिशवी घेऊन आली. आपल्याच घरात एवढी गर्दी बघून तिला वाटलं मीच गेलो. पिशवी टाकून ती आत धावली, मी समोर दिसलो, आणि तिने मला जो धपाटा घातला त्याचा वळ दोन दिवस पाठीवर होता. (प्रेमाचा होता असं ती म्हणते.)

म्हणजे मी जिवंत, गंगू जिवंत. मग गेलं कोण? हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत, पण तोंडातून काढणार कोण? आवडीकाकींनी डोकं चालवलं. हरी "बाय, बाय" करत होता हे समोरच्या बायकांनी सांगितलं होतं. काकींनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाल्या, "जनी गेली गो. आमची जनी गेली."

बाय, मी स्वतः रडणं सुरू केलं होतं. ते खोटं होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तरी काकींनी ते म्हटलं आणि मी ते खरं मानलं. मला वाटलं, यांना गावाकडून काही कळलं असेल. मला कोण कळवणार? तीन वर्षं तू बोलत नाहीस, मी येत नाही. मी खाली बसलो आणि रडलो. या वेळी मोबाइलकडे लक्ष नव्हतं, मिनिटं मोजली नव्हती, बाईसुद्धा आठवल्या नाहीत. गंगूने माझी अवस्था बघून राजेशला फोन लावला. तो म्हणाला, आई बदलापूरला बाजाराला गेली आहे, चांगली धडधाकट आहे, जाताना मला दोन शिव्या देऊन गेली. हे ऐकून मी आणखी रडलो. मग गंगूनेच सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. आवडीकाकींनी चहा घेतला, माझ्याकडे न बघता दोन बिस्किटं खाल्ली आणि गेल्या. भावकीत आता मला नटसम्राटाच्या वर मान आहे, पण कोणी माझ्याशी नीट बोलत नाही.

मोबाइल चालूच राहिला होता. जिज्ञासाने त्यातला दुसऱ्या रडण्याचा भाग गृहपाठ म्हणून पाठवून दिला. सुमित्राबाई स्वतः सगळे गृहपाठ बघत नाहीत, त्यांच्या हाताखालची मंडळी बघतात, पण महिन्यातून एक त्या निवडतात. माझा निवडला. त्यांच्या आवाजातला निरोप आला आहे, पंचवीस सेकंदांचा. मी तो उभं राहून ऐकतो. त्या म्हणतात, हरिचंद्रराव, हे तुम्ही कोणासाठी रडलात ते मला ठाऊक नाही, पण ते माणूस असेल तर आता कॅमेरा बंद करा आणि त्याच्याकडे जा. एवढ्या मोठ्या बाई, पण शाबासकी म्हणून एक शब्द नाही. थेट कामाचं बोलल्या. म्हणून मला त्यांचं इतकं वाटतं.

गुडघ्याला तिळाचं तेल चोळत जा. सोनियाला आणि राजेशला आशीर्वाद. शेवग्याच्या शेंगा धरल्या असतील तर त्या तिथेच ठेव, मी काही मागत नाही.

तुझा धाकटा,
हरिचंद्र

ता. क. मला काय दुखतं ते पुढे येईल असं लिहिलं होतं. समर्थच्या लग्नात तू मांडवात बसून धवला लावलास. आपल्यात धवलारीण गायल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तुझ्यासारखी धवलारीण कर्जतपर्यंत नाही. तुझं कडवं अर्धं झालं असताना तुझा माइक बंद पडला. तू उरलेलं कडवं तशीच गाऊन पूर्ण केलंस, उठलीस, आणि या घराचा उंबरा चढणार नाही म्हणून गेलीस. वायर सुटली असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगितलं. वायर सुटली नव्हती. डीजेवाल्याला घाई होती आणि पाहुण्यांना नाचायचं होतं, म्हणून मीच त्याला हाताने खूण केली. दहाव्या धड्यात बाई म्हणाल्या की दुसऱ्याचं वाक्य मधे तोडणाऱ्याने रंगमंचावर उभं राहू नये. मी तेव्हा उभाच होतो. खाली बसलो.

ता. क. दुसरा. नाव जिज्ञासाने घातलं, पण हे तोंडाने सांगता यावं म्हणूनच मी खरा त्या वर्गात टिकून राहिलो. समोर उभं राहून "चुकलो" म्हणायला मला जमत नाही. बाईंच्या पद्धतीने तेवीस वेळा रेकॉर्ड केलं. जिज्ञासा म्हणते, तेवीसही वेळा तुम्ही भांडायला आल्यासारखे दिसता. म्हणून शेवटी कागद घेतला. (सोनिया, इथे आवाज चढवू नकोस, साधं वाच.) बाय, मी चुकलो.

ता. क. तिसरा. जिज्ञासाचं लग्न अकरा मेला आहे, हळद दहाला. डीजे सांगितलेला नाही. पोरगी म्हणते, आत्या गाणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात खालून टेकचंद आला. त्या मंगळवारनंतर तो आठ दिवस दुकान बंद करून बसला होता, का ते सांगत नव्हता. आज सांगितलं. त्या दुपारी एक बाई रिक्षातून उतरली, धापा टाकत, आणि फाटकाशी उभं राहून वर कोण गेलं म्हणून तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, "हरी भाई की बहन ऑफ हो गई." बाई म्हणाली, ती बहीण मीच. टेकचंद तिथेच खाली बसला. बाई हलली नाही. वरून माझ्या रडण्याचा आवाज येत होता तो बराच वेळ ऐकत उभी राहिली, पदराने डोळे पुसले, पाणीसुद्धा न घेता त्याच रिक्षात परत बसली. जाताना त्याला एवढंच सांगून गेली, "उसको बोलो, रोता अच्छा है, पर सुर बहुत ऊपर लगाया. नीचे ले."

बदलापूरचा बाजार आमच्या फाटकापर्यंत येतो हे मला आजच कळलं. बाय, तू बरोबर सांगितलंस. मला सूर कुठून धरायचा ते कधीच कळलं नाही. दहा तारखेला रिक्षा घेऊन मी स्वतः येतो, तू पुढे बस, आणि सूर तू लाव.