सूर्यमालेची बैठक

बकोआ भावा, माउरी, सुखी राहा.

तू आणि तुझी बायको खुशाल आहात असं धरून चालते. (नसलात तरी मी इथून काय करणार?) पायाची जखम भरली का? साखर आहे म्हटल्यावर भात आणि डब्यातलं मटण सोड असं मागेच कळवलं होतं, तू सोडलं नसशील. माझं बरं आहे. गुडघे दुखतात, विहिरीचं पाणी खारट झालंय, माडावर चढणारे होते ते न्यूझीलंडला फळं तोडायला गेले. बाकी देवाची कृपा.

आता मुद्द्याचं. आपली एरेतिआ, माझ्या गेलेल्या लेकीची लेक, इथल्या शाळेत शिकवते हे तुला ठाऊक आहे. मध्यंतरी वरून निरोप आला की राजधानीतून, ताराव्याहून तपासणीसबाई येणार, तिचा एक धडा बघणार. पसंत पडला तर नेमणूक इथेच कायम, नाही पडला तर बदली थेट किरीसमास बेटावर. आपलाच देश म्हणे तो! पण जायचं फिजीला विमान बदलून. आपल्याच माजघरात जायला शेजाऱ्याच्या ओटीवरून वळसा. एकदा तिकडे गेलेलं माणूस लग्नाला नाहीतर मयताला परत दिसतं, आणि मयताला तर उशिराच. माझ्या घरात तिच्यामागे मी आणि डुक्कर, एवढेच उरणार. तेव्हा धडा चांगला व्हायलाच पाहिजे होता.

बरं, पोरीनं धडा तरी काय निवडावा? बेरीज नाही, भागाकार नाही. ब्रह्मांड! सूर्य केवढा आणि कोण त्याच्यापासून किती लांब, ते पोरांना चालत दाखवायचं. तेबुरेआ म्हाताऱ्याला खडकावर सापडलेला जहाजाचा नारिंगी बोया (मिठी मारली तर हात पुरत नाहीत, एवढा) तो सूर्य. त्या मानानं पृथ्वी म्हणे एक बारकी कवडी. त्या कवडीवर तू, मी, ताराव्याचा धक्का, अमेरिका, सगळं. मी म्हटलं, असू दे, पण डुकराचं कुंपण कोण बांधणार? गुरू म्हणजे लहानसा नीरफणस, शनी म्हणजे त्याहून बारकं कोवळं शहाळं, त्याला केवड्याच्या पातीचं कडं विणलेलं, आणि शेवटचा नेपच्यून म्हणजे एक लिंबू. हे सगळे सूर्यापासून रस्त्यानं लांब लांब खांबांवर ठेवायचे. लिंबू तर पार पुढच्या गावाच्या पलीकडे, विमान उतरतं त्या माळाजवळ. मी म्हटलं, अगं, एवढं लांब कशाला, इथेच ठेव की, दिसेल तरी. तर म्हणते, "आजी, दिसत नाही हेच तर शिकवायचंय." शिकलेल्या माणसाशी बोलून माझं डोकं दुखतं.

त्या दिवशी विमानाला उशीर झाला. (विमान वेळेवर आलं असतं तर ते लिहिलं असतं.) एरेतिआ माळावर वाट बघत बसली आणि सूर्यमाला माझ्यावर सोपवून गेली. थोड्या वेळात गुरू नाहीसा झाला. चौकशी केली तर तेबुरेआच्या वहिनीनं राखणीवरच्या पोरीकडे बुबुती केलेली. शहरात राहून तू विसरला असशील, पण इथे अजून नातलगानं बुबुती म्हणून मागितलं की नाही म्हणत नाहीत, मग ती होडी असो की ग्रह. गुरू भाजायलाही घातला होता! मी दुसरा नीरफणस आणला, तोवर पाळकाची बायको शनीचं कडं किटलीखाली ठेवायला मागत होती. आता एवढ्या लांब रस्त्यावर मी म्हातारी कुठे कुठे पुरी पडणार? सगळे गोळा केले (लिंबू अजून जायचंच होतं) आणि मानेआबात आणून बसवले. सभाघरात बसलेल्याला कुणी हात लावत नाही.

पण बसवायचं कुठे? मानेआबात ज्याची त्याची जागा ठरलेली, कुळाप्रमाणे. म्हातारे जमले. तेबुरेआ म्हणाला, गुरू सर्वांत मोठा, त्याला मानाच्या जागी बसवा. दुसरा म्हणाला, मोठा असेल, पण सूर्याच्या जवळ कोण बसतं ते बघा, आधी बुध. शुक्र इंग्रजीत बाई म्हणे, म्हणून त्याला बायकांकडे बसवलं. त्यात एकानं काढलं की प्लूटो नावाचा एक होता, त्याला हल्ली ग्रहांतून काढलंय. केवढी खळबळ! एकदा बसलेल्याला उठवणारे हे कोण? त्याचं कुळ कोणतं? लगेच त्याच्यासाठी रिकामी चटई टाकली.

अशी सगळी सूर्यमाला दाटीवाटीनं बसलेली असताना तपासणीसबाई वाकून छपराखाली आल्या. आम्ही त्यांना माळ घातली आणि शनीशेजारी जागा दिली. मागून एरेतिआ आली. तिचं तोंड वाळूवर पडलेल्या माशासारखं.

"आजी, हे काय केलंस?"

"सगळे एकत्र बसवले. कुणी एकटं पडायला नको."

तिनं लिंबू उचललं, म्हणाली, "चला," आणि चालायला लागली. मागे पोरं, त्यांच्या मागे बाई, मी पाळकाच्या सायकलवर मागच्या बाजूला. वाटेत एकेकाला एकेक ग्रह देऊन उभं केलं. हे लांबत लांबत माळापर्यंत. तिथे तिनं सांगितलं, वळा, सूर्य बघा. सूर्य कुठला, मानेआबाचं छप्परसुद्धा दिसेना. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, कुणीतरी बुबुती करून नेला का?" कुणी हसलं नाही. मग एकानं विचारलं, यापुढचा तारा कुठे ठेवायचा? एरेतिआ म्हणाली, "ठेवता येत नाही. तेवढं लांब ठिकाणच या पृथ्वीवर नाही." मी तिच्या हातातल्या लिंबाकडे बघत राहिले. एवढंसं ते, आणि तिथून हाक मारली तर घरच्या कुणाला ऐकू जाणार नाही.

बाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, असा धडा मी पाहिला नाही, हा किरीसमासच्या शिक्षकांना शिकवायला एरेतिआलाच पाठवते. घे! नापास झाली तर किरीसमास, पास झाली तरी किरीसमास. मग तपासलं काय, माझं कपाळ?

बायकोला विचारलं म्हणून सांग. पाय धुऊन कोरडा ठेवत जा.

तुझी थोरली बहीण,
तेरुरुआई

ता.क. पत्र लिहायचं कारण राहिलंच. तुझा मेहुणा शिक्षणखात्यात बसतो. त्याच्याकडे बुबुती कर की एरेतिआला इथेच राहू द्या. नातं लागतं, नाही म्हणायची त्याची टाप नाही. पुढच्या विमानाआधी कर.

पुन्हा ता.क. वरचं करू नकोस. पत्र बंद करत होते तर एरेतिआ शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, माझी तुझ्याकडे बुबुती आहे. मला जाऊ दे. मला जायचंय." जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, नातीला कसं म्हणू? जा म्हटलं. तेव्हा मेहुण्याला सोड, आता माझी बुबुती तुझ्याकडे. तुझं मनगटावरचं घड्याळ पाठवून दे. किरीसमासला आपल्याआधी दोन तास उजाडतं म्हणतात. तेवढं पुढे लावून ठेवीन, म्हणजे पोरगी जेवली असेल की नाही ते कळेल.